जांभळी फुले निळी कशी झाली?

इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना ‘स्थिरचित्र’ नावाचा विषय असतो. एखादा तांब्या, दोन-तीन फळे, मागे चुण्या पडलेले कापड अशी मांडणी समोर असते आणि मुले ती रंगवतात. अशा चित्रात माणूस नसतो, प्रसंग नसतो, गोष्ट नसते. मग चित्रकाराला त्यातून काही सांगायचे असेल तर ते त्याने कशाच्या आधारे सांगायचे?

सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी यासाठी वस्तूंचाच उपयोग केला होता. टेबलावर कवटी, विझत आलेली मेणबत्ती, वाळूचे घड्याळ किंवा कोमेजू लागलेले फूल दिसले की पाहणाऱ्याने समजायचे : आयुष्य क्षणभंगुर आहे. वस्तू आणि तिचा अर्थ यांची जोडी ठरलेली, जणू शब्दकोशच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही चित्रकारांनी हा कोश बाजूला ठेवला आणि अर्थाचा भार वस्तूंवरून काढून रंगांवर टाकला. आधुनिक चित्रकलेची सुरुवात ज्या काही गोष्टींपासून मानतात त्यांतली ही एक. आणि या मंडळींतला सर्वांत ठाम माणूस होता व्हिन्सेंट व्हॅन गॉग, तोही डचच.

पण अर्थ रंगावर टाकला म्हणजे तो एका रासायनिक पदार्थावर टाकला. पदार्थ बदलला तर अर्थाचे काय होते, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी व्हॅन गॉगचीच चार स्थिरचित्रे घेऊ.

चार फुलदाण्या

मे १८९० मध्ये व्हॅन गॉग दक्षिण फ्रान्समधल्या सेंट-रेमी या गावच्या मनोरुग्णालयात होता. तिथे त्याला वर्ष झाले होते. प्रकृती सुधारली होती आणि १६ मेला तो तिथून निघणार होता. निघण्यापूर्वीच्या थोड्या दिवसांत त्याने फुलांची चार मोठी चित्रे काढली : दोन गुलाबांची, दोन आयरिसची. आयरिस म्हणजे तलवारीसारख्या लांब पानांचे, जांभळट फुलांचे एक झाड. शांतपणे आणि सलग काम चालू आहे, असे तेव्हाच्या पत्रांत तो लिहितो. निघताना चित्रांचा रंग इतका ओला होता की ती तिथेच वाळत ठेवावी लागली आणि मागाहून त्याच्याकडे पाठवली गेली. २९ जुलैला तो वारला.

आज यांतली दोन चित्रे (एक गुलाबांचे, एक आयरिसचे) न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. एक वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आणि एक ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. न्यूयॉर्कची दोन्ही चित्रे त्याच्या आईकडे, ती १९०७ मध्ये वारली तोपर्यंत होती.

आज या चित्रांपुढे उभे राहिले तर काय दिसते? ॲमस्टरडॅमच्या चित्रात पिवळ्या पार्श्वभूमीवर निळ्या आयरिसचा मोठा गुच्छ. न्यूयॉर्कच्या चित्रात जवळजवळ पांढऱ्या पार्श्वभूमीवर निळी आयरिस. उरलेल्या दोन चित्रांत हिरवट पार्श्वभूमीवर पांढरे गुलाब.

आता भाऊ थिओ याला त्याच महिन्यात लिहिलेल्या पत्रांत व्हॅन गॉग काय म्हणतो ते पाहा. आयरिस जांभळी आहेत. एका चित्रात ती गुलाबी पार्श्वभूमीवर आहेत आणि हिरवा, गुलाबी, जांभळा यांच्या मेळामुळे त्याचा परिणाम मृदू, सुसंवादी आहे. दुसऱ्यात तीच जांभळी फुले झगझगीत लिंबूपिवळ्यावर आहेत आणि तिथे दोन विरोधी रंग एकमेकांना डिवचून प्रखर करतात. गुलाबही गुलाबी आहेत, पिवळसर हिरव्यावर.

म्हणजे पत्रातली चित्रे आणि भिंतीवरची चित्रे जुळत नाहीत. पत्रे निष्काळजीपणे लिहिलेली नाहीत. रंगांच्या बाबतीत हा माणूस एखाद्या प्रयोगवहीसारखा काटेकोर लिहितो.

अर्थ जोडीत असतो

रंगांच्या प्रतीकार्थाबद्दल आपल्या पुस्तकांत बहुधा एक यादी असते : लाल म्हणजे क्रोध, पांढरा म्हणजे शांती, निळा म्हणजे गांभीर्य. मला स्वतःला ही यादी फारशी उपयोगाची वाटत नाही. पिवळा म्हटला की आपल्याला हळद आठवते, जेजुरीचा भंडारा आठवतो. हॉलंडात वाढलेल्या माणसाला यातले काहीच आठवणार नाही. व्हॅन गॉगची कल्पना अशा यादीपेक्षा वेगळी आणि अधिक शास्त्रशुद्ध होती. सप्टेंबर १८८८ मधल्या एका पत्रात तो लिहितो की दोन प्रेमिकांचे प्रेम त्याला दोन पूरक रंगांच्या मीलनातून दाखवायचे आहे. त्याच महिन्यात रंगवलेल्या एका रात्रीच्या कॅफेबद्दल तो म्हणतो की तिथे लाल आणि हिरवा यांच्या झगड्यातून त्याने माणसाचे भयंकर विकार दाखवायचा प्रयत्न केला आहे. एकटा लाल त्याच्या लेखी काहीच बोलत नाही. तो हिरव्याशेजारी आला की बोलू लागतो.

यामागे पक्के विज्ञान होते. मिशेल युजेन शेव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ या प्रसिद्ध गालिचा-कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळे धागे पुरेसे काळे दिसत नाहीत अशा तक्रारी आल्या, तेव्हा त्याने रंग तपासला. रंगात खोट नव्हती. खोट होती ती शेजारच्या धाग्यांमुळे डोळ्याला होणाऱ्या भासात. १८३९ मध्ये त्याने आपला ग्रंथ छापला. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना बदलतात आणि पूरक रंग शेजारी आले तर दोघेही उजळतात, हे त्याने नियमाच्या रूपात मांडले. हे ज्ञान पुढे चित्रकारांपर्यंत पोचले. व्हॅन गॉगने ते शार्ल ब्लाँ या कलासमीक्षकाच्या पुस्तकांतून घेतले होते. त्यातल्या पूरक जोड्या अशा : लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा.

भौतिकशास्त्राचे शिक्षक इथे हरकत घेतील. प्रकाशाच्या मिश्रणात पिवळ्याचा पूरक निळा असतो, जांभळा नव्हे. हरकत रास्त आहे. चित्रकारांची वर्तुळे लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग धरून काढलेली होती, प्रकाशाच्या मापनावरून नव्हे. त्यामुळे ॲमस्टरडॅमच्या चित्रातला आजचा निळा-पिवळा विरोधही डोळ्याला जोरदार वाटतो आणि चित्र ‘बिघडले आहे’ अशी शंका कोणाला येत नाही. न्यूयॉर्कच्या आयरिसची गोष्ट निराळी. तिथे मृदू मेळ साधायचा होता तो गुलाबी आणि जांभळा यांच्यात. दोन्ही रंगांत तांबडा समान होता, म्हणून मेळ होता. तो समान तांबडाच दोन्हींमधून निघून गेला. उरली पांढऱ्यावर निळी फुले, म्हणजे मृदूपणाऐवजी काहीसा थंड, कडक विरोध. चित्रकाराने दोन चित्रांत मुद्दाम दोन वेगळे सूर लावले होते, ते आता जवळजवळ एकाच सुरात ऐकू येतात.

आता कल्पना करा की या छापील चित्रांवर एखाद्या हुशार विद्यार्थ्याला निबंध लिहायला दिला. पांढरे गुलाब म्हणजे शांती, निळी फुले म्हणजे उदासी, आणि चित्रकार दोन महिन्यांत मरणार होता, म्हणून हे निरोपाचे चित्र, असे तो लिहील. निबंध सुसंगत होईल, भाषा चांगली असेल तर गुणही मिळतील. पण ती शांती आणि ती उदासी चित्रकाराने तिथे ठेवलेलीच नाही. ती प्रकाशाने आणि ऑक्सिजनने नंतर आणून ठेवली आहे.

उषेच्या नावाचे रसायन

निघून गेलेला तांबडा कोणता होता? थिओ पॅरिसहून रंगांच्या नळ्या पाठवत असे आणि व्हॅन गॉगच्या मागण्यांच्या याद्या पत्रांत आहेत. त्यांत ‘जिरेनियम लेक’ हे नाव येते. यातला ‘लेक’ म्हणजे तळे नव्हे. हा शब्द आपल्या ‘लाख’ या शब्दावरून, म्हणजे संस्कृत ‘लाक्षा’वरून युरोपात गेला. लाखेच्या किड्यापासून तांबडा रंग काढत, त्यावरून विद्राव्य रंजक एखाद्या पांढऱ्या, अविद्राव्य चूर्णावर बसवून केलेल्या कोणत्याही रंगद्रव्याला ‘लेक’ म्हणू लागले. जिरेनियम लेकमध्ये रंजक असते इओसिन.

जीवशास्त्राच्या शिक्षकांना इओसिन परके नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या ऊतींच्या काचपट्ट्या गुलाबी दिसतात त्या यामुळेच. पूर्वीच्या लाल शाईतही ते असे. १८७० च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाइनरिश कारो याने ते बाजारात आणले. नाव पडले इओस या ग्रीक देवतेवरून. इओस म्हणजे पहाट, आणि आपली ‘उषा’ व ही ‘इओस’ हे शब्द एकाच मुळातले आहेत. रंगही खरोखर पहाटेचाच, किंचित निळसर झाक असलेला टवटवीत गुलाबी. निळ्याशी मिसळून स्वच्छ जांभळा मिळवायचा तर हिंगुळासारखा अपारदर्शक, नारिंगीकडे झुकणारा लाल चालत नाही. मिश्रण मातकट होते. इओसिनने जांभळा सुरेख होतो. मोह पडावा असाच तो रंग होता.

इओसिनच्या रेणूत कार्बनच्या कड्यांमधून एकाआड एक द्विबंधांची साखळी आहे. तिच्यातले इलेक्ट्रॉन हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून उरलेला प्रकाश आपल्याला गुलाबी दिसतो. पण प्रकाश शोषला म्हणजे ऊर्जा रेणूत आली. बहुतेक वेळा ती उष्णतेच्या किंवा प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते. क्वचित ती हवेतल्या ऑक्सिजनला अधिक क्रियाशील करते आणि तो ऑक्सिजन रेणूवरच हल्ला करतो. साखळी एका जागी तुटली तरी पुरे. रेणूचे तुकडे तिथेच राहतात, पण दृश्य प्रकाश शोषत नाहीत. रंग ‘उडाला’ असे आपण म्हणतो तेव्हा कोणताही पदार्थ उडून गेलेला नसतो. हळदीचा डाग धुऊन जात नाही पण उन्हात वाळत घातल्यावर फिका पडतो, तोही अशाच प्रकारे. इओसिन या बाबतीत फारच नाजूक. आमच्या प्रयोगशाळेत त्याची द्रावणे काळ्या कागदात गुंडाळून ठेवतात.

पांढऱ्यात मिसळलेला लेक तर आणखी लवकर जातो. पांढऱ्या कणांवरून प्रकाश पुन्हा पुन्हा परावर्तित होत विरळ रंजकावर आदळतो आणि मुळात रंजक थोडेच असते. म्हणून न्यूयॉर्कच्या आयरिसची फिकी गुलाबी पार्श्वभूमी जवळजवळ पांढरीच झाली. जांभळ्यातला निळा मात्र असेंद्रिय रंगद्रव्याचा, टिकाऊ. तो राहिला.

हे होणार याची व्हॅन गॉगला कल्पना नव्हती का? होती. एप्रिल १८८८ मध्येच त्याने लिहून ठेवले आहे की नव्या चित्रकारांनी प्रचारात आणलेले सगळे रंग अस्थिर आहेत. म्हणून ते बेधडक, गडद वापरावेत. काळ त्यांना मवाळ करीलच, असा त्याचा तर्क होता. सगळे रंग सारख्याच वेगाने मवाळ झाले असते तर तो बरोबर ठरला असता. प्रत्यक्षात जोडीतला एक जागेवर राहिला आणि दुसरा नाहीसा झाला.

ब्रोमीनचा पुरावा

गेलेला रंग कुठे होता हे शोधायचे कसे? एक सोपा मार्ग म्हणजे चौकट काढून पाहणे. चौकटीच्या कडेखाली झाकलेल्या पट्टीवर प्रकाश पडलेला नसतो. रेन्वारने १८८३ मध्ये काढलेल्या श्रीमती क्लापिसाँ यांच्या व्यक्तिचित्राची चौकट शिकागोच्या संग्रहालयात काढली, तेव्हा कडेला भडक लाल पट्टी सापडली. उरलेली पार्श्वभूमी फिकट पडलेली होती.

दुसरा मार्ग अधिक हुशारीचा आहे. इओसिनच्या प्रत्येक रेणूत ब्रोमीनचे चार अणू असतात. रंजकाची साखळी तुटली, रंग गेला, तरी ब्रोमीन चित्रातच मागे राहते. चित्रावर क्ष-किरणांचा बारीक झोत टाकला की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण परत देते. माणसाच्या बोटाच्या ठशासारखी ही ओळख असते. झोत चित्रावरून ओळीओळीने फिरवून कुठे किती ब्रोमीन आहे याचा नकाशा काढता येतो, आणि त्यासाठी चित्राचा कणही खरवडावा लागत नाही. आज जिथे पांढरे दिसते तिथे ब्रोमीन सापडले, तर तिथे एकेकाळी गुलाबी होते. आयरिसच्या निळ्या पाकळ्यांत ते सापडले, तर त्या जांभळ्या होत्या. पत्रांतली वर्णने अशी मूलद्रव्यांनी पडताळून पाहता आली.

२०१५ मध्ये, चित्रे काढल्याला १२५ वर्षे झाली तेव्हा, मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने चारही चित्रे एकत्र मांडली. मूळ रंग कसे असतील याच्या संगणकावर तयार केलेल्या प्रतिमाही सोबत होत्या. मूळ चित्रांना कोणी हात लावला नाही आणि ते योग्यच झाले. ब्रोमीनचा नकाशा रंग कुठे होता ते सांगतो, पण ब्रशच्या प्रत्येक फटकाऱ्यातली नेमकी छटा त्यावरून ठरत नाही. वर नवा गुलाबी चढवला असता तर जे शिल्लक आहे तेही झाकले गेले असते.

प्रत्येक रंग असा फिकाच पडतो असे नाही. व्हॅन गॉगच्या प्रसिद्ध सूर्यफुलांत क्रोम पिवळा, म्हणजे लेड क्रोमेट आहे. तो काही ठिकाणी तपकिरी होत जातो. बेल्जियम व इटलीतल्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार प्रकाशामुळे पृष्ठभागावरच्या षट्संयुजी क्रोमियमचे क्षपण होऊन ते त्रिसंयुजी होते. आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटचा नारिंगी रंग जाऊन हिरवा येताना विद्यार्थ्यांनी परीक्षानळीत पाहिलेला असतो. तोच बदल इथे वर्षानुवर्षे, अतिशय सावकाश चालू आहे. क्रोम पिवळ्याचे जे प्रकार अधिक फिके आणि सल्फेटयुक्त, ते लवकर बळी पडतात.

एक तास ऊन, एक वर्ष संग्रहालय

रंगाचे नुकसान प्रकाशाची तीव्रता आणि काळ यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. नाजूक वस्तूंसाठी संग्रहालये ५० लक्स एवढाच प्रकाश ठेवतात. रोज ८ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका वर्षात १ लाख २० हजार लक्स-तास होतात. भर दुपारच्या उन्हाची तीव्रता सुमारे १ लाख लक्स असते. म्हणजे उन्हातला एक-सव्वा तास आणि संग्रहालयातले एक वर्ष, हिशेब जवळजवळ सारखाच. उन्हातले अतिनील किरण यात धरलेले नाहीत. हा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घेण्याजोगा आहे.

त्याला जोडून एक प्रयोगही. जाड पांढऱ्या कागदाच्या तीन पट्ट्या घ्या. एकीवर फक्त लाल शाई, दुसरीवर रंगपेटीतला प्रशियन ब्लू आणि तिसरीवर दोन्हींचे मिश्रण करून जांभळा रंग लावा. वाळल्यावर प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाका आणि पट्ट्या ऊन येणाऱ्या खिडकीत टाचून ठेवा. आजच्या लाल शाईत कोणते रंजक आहे हे बाटलीवर सहसा लिहिलेले नसते, म्हणून दोन-तीन प्रकारच्या शाया घ्याव्यात. सोबत पताकांचा गुलाबी कागद आणि हळदीच्या पाण्यात बुडवलेला कागदही ठेवता येईल. पट्टीच्या मागे तारीख लिहा. दर शनिवारी झाकण उचलून दोन भागांची तुलना करा, रोज साधारण किती तास ऊन पडले ते नोंदवा आणि लक्स-तासांचा अंदाज काढा. तिसऱ्या पट्टीचा उघडा भाग निळा व्हायला किती दिवस लागले आणि कोणत्या शाईत तो झालाच नाही, ते शाळेच्या नावासह आम्हाला जरूर कळवा.